बीजगणिताचा गृहपाठ आणि घरचे साहाय्य

इयत्ता सहावी-सातवीच्या गणितात अंकांच्या जोडीला अक्षरे येऊ लागली, की पुष्कळ घरांतून एक नवे दृश्य दिसू लागते. तोपर्यंत मुलाकडून पाढे म्हणवून घेणारे, बेरीज-वजाबाकी तपासणारे, हिशेबात चूक दिसताच तिच्यावर बोट ठेवणारे आईवडील आता वही हातात घेऊन थबकतात. ‘हे आमच्या वेळी नव्हते’, असे म्हणून ते वही परत देतात. मूल एकटे पडते. दोन-तीन संध्याकाळी अशा गेल्या, की मूल दुसऱ्याची वही उतरवून काढते आणि ‘गणित काही आपल्याला यायचे नाही’ असा निकाल स्वतःविषयी मनाशी देऊन टाकते. हा निकाल अकरा-बारा वर्षांच्या वयात एकदा दिला गेला, की तो पुढे बदलणे फार कठीण जाते. गणितात मागे पडलेल्या मोठ्या मुलांची जुनी वही उलटून पाहिली, तर त्यांचा पाय प्रथम कोठे अडखळला होता, ते पुष्कळदा पहिल्या समीकरणांच्या पानावर सापडते.

म्हणून या विषयाचा विचार शिक्षकांनी वर्गापुरताच करून भागत नाही, तो घरापर्यंत केला पाहिजे. या लेखात सांगावयाची गोष्ट एवढीच आहे, की मुलाला बीजगणिताच्या गृहपाठात साहाय्य करण्यासाठी पालकाला बीजगणित आलेच पाहिजे असे नाही. ‘बरोबर’ या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक असला पाहिजे, आणि उत्तर स्वतः न सांगता मुलाला विचारीत राहण्याचा धीर त्याच्यापाशी असला पाहिजे. यांपैकी पहिली गोष्ट बाजारहाट करणाऱ्या प्रत्येक माणसाजवळ असते. दुसरी शिक्षकांनी पालकांना दाखवून द्यावयाची आहे.

अक्षरांची भीती

अंकांच्या गणितात अक्षर कोठून आले, हा मुलाचा आणि पालकाचा पहिला प्रश्न असतो. हे काही परके किंवा अलीकडचे खूळ नव्हे, हे प्रथम सांगावे. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ मध्ये झाला. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ इ.स. ११५० मध्ये लिहिला गेला. लीलावती आणि बीजगणित ही त्याच ग्रंथाची अंगे मानली जातात. ज्ञात अंकांच्या गणिताला तेव्हा व्यक्त गणित म्हणत आणि अज्ञात संख्येच्या गणिताला अव्यक्त गणित म्हणत. जी संख्या अजून सापडलेली नाही, तिला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ असे नाव देतात. त्याचा सरळ मराठी अर्थ ‘जितके असेल तितके’ असा होतो. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या, तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली जात, आणि लिहिताना ‘या’, ‘का’, ‘नी’ एवढी आद्याक्षरेच मांडली जात. म्हणजे न कळलेल्या संख्येसाठी अक्षर लिहिण्याचा प्रघात या देशात साडेआठशे वर्षांपूर्वी पुरता रूढ होता.

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, असे त्यात नोंदलेले आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात असून मठाला द्यावयाच्या उत्पन्नाचा मजकूर मात्र त्या काळच्या मराठीत आहे. शिकवण्याची भाषा कोणतीही असो, दाणागोटा आणि देणेघेणे ही लोकांच्या बोलीतच मांडावी लागतात, हे त्या दगडावरही दिसते. बीजगणित घरात न्यावयाचे, तर तेही त्याच बोलीतून न्यावे लागेल.

युरोपात अज्ञात राशीसाठी वर्णमालेतील शेवटची अक्षरे वापरण्याची पद्धत देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १६३७ मधील ग्रंथामुळे रुळली. तेच ‘एक्स’ हे अक्षर आज पुस्तकांत छापलेले असते. जुन्या मराठी पुस्तकांत त्याच जागी ‘क्ष’ आणि ‘य’ ही अक्षरे असत. या लेखातही ‘क्ष’ वापरला आहे. अक्षर बदलले म्हणून उदाहरण बदलत नाही, हे मुलाला एकदा करून दाखवावे. ‘एक्स’ वापरताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. ते अक्षर आणि गुणाकाराची फुली ही मुलाच्या हस्ताक्षरात हुबेहूब सारखी दिसतात आणि मूल स्वतःच लिहिलेले स्वतःच चुकीचे वाचते. अक्षर वळणदार काढण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

अक्षर म्हणजे वस्तू नव्हे, संख्या होय, हेही स्पष्ट करावे. पेरूंच्या उदाहरणात ‘प’ हे अक्षर घेतले, तर मुलाला ‘३प’ म्हणजे तीन पेरू असे वाटते. तसे नाही. एका टोपलीत जितके पेरू आहेत ती संख्या ‘प’ होय, आणि ‘३प’ म्हणजे तशा तीन टोपल्यांतील मिळून पेरूंची संख्या होय. हा भेद लहान दिसतो, परंतु तो निसटला तर पुढची प्रत्येक पायरी डळमळीत होते.

‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ

दुसरी अडचण अक्षरापेक्षाही खोल असते आणि ती पहिलीपासून मुलाबरोबर वाढत आलेली असते. वर्गात एक लहान प्रयोग करून पाहावा. फळ्यावर पुढील मांडणी लिहावी आणि चौकटीत कोणती संख्या येईल, ते मुलांना आपापल्या पाटीवर लिहावयास सांगावे.

८ + ४ = □ + ५

अनेक मुले १२ लिहितात. काही मुले पुढचे ५ ही मिळवून १७ लिहितात. ७ लिहिणारी मुले पुष्कळदा थोडी निघतात. येथे मुलांची बेरीज चुकलेली नसते. त्यांनी चिन्हाचा अर्थ वेगळा घेतलेला असतो. पाच वर्षे त्यांनी ‘बरोबर’चे चिन्ह उदाहरणाच्या शेवटी आणि उत्तराच्या आधी पाहिलेले असते. त्यामुळे त्याचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ असा त्यांच्या मनात पक्का बसलेला असतो. समीकरणात तो अर्थ उपयोगी पडत नाही. तेथे या चिन्हाचा अर्थ ‘इकडे जितके, तितकेच तिकडे’ एवढाच असतो.

या चिन्हाच्या जन्मातही तोच अर्थ आहे. रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये आपल्या पुस्तकात ते प्रथम छापले. त्याने दोन समांतर रेषा निवडल्या त्या अशासाठी, की त्यांच्याहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू त्याला आढळल्या नाहीत. आपल्या परंपरेतही समीकरणाच्या दोन बाजूंना ‘पक्ष’ म्हणतात आणि ते एकाखाली एक मांडून सारखे ठेवीत ठेवीत सोडवीत. समीकरण या शब्दाचाच अर्थ ‘सारखे करणे’ असा आहे. मुलाला हा शब्द फोडून दाखवला, तर तो पाठ करावा लागत नाही.

एका घरातील उदाहरण

हा अर्थ घरात कसा उतरतो, हे पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

एका गावातील किराणा मालाच्या लहान दुकानाची मालकीण चौथी शिकलेली आहे. तिची मुलगी सातवीत आहे. दुकानातला काटा आता विजेवर चालतो, जुना तराजू माळ्यावर पडलेला आहे. एके संध्याकाळी मुलगी दुकानाच्या फळीवर वही ठेवून बसली होती. पुस्तकातले उदाहरण असे होते : एका संख्येच्या दुपटीत १०० मिळवले असता ५०० होतात, तर ती संख्या कोणती? मुलीने २क्ष + १०० = ५०० अशी मांडणी बरोबर केली होती. पुढे मात्र २क्ष = ६०० आणि क्ष = ३०० असे लिहिले होते. शाळेत त्यावर चुकीची खूण झाली होती, आणि चूक कोठे आहे ते तिला उमगत नव्हते.

“आई, हे तुला यायचं नाही,” मुलगी म्हणाली.

“नाही येत, हे खरं,” आई म्हणाली. “पण काय विचारलंय ते मला समजेल असं वाच की.”

मुलीने वाचले. आईने पुन्हा वाचावयास लावले. मग तिने मुलीला पाठमोरी बसवून साखरेच्या दोन सारख्या पुड्या बांधल्या, तराजू खाली काढून पुसला आणि एका पारड्यात दोन पुड्या व शंभराचे वजन ठेवले. दुसऱ्या पारड्यात पाचशेचे वजन ठेवले. काटा मधोमध उभा राहिला.

“पुडीत साखर किती आहे?”

“काय माहीत? तूच बांधलीस.”

“बरं. जितकी असेल तितकी असू दे. दोन्ही पुड्या सारख्या आहेत एवढं धरून चाल. आता हे शंभराचं वजन मी उचललं, तर काय होईल?”

“हे पारडं वर जाईल.”

“मग काटा मधोमध राहायला काय करशील?”

“तिकडूनही शंभर काढीन. पण आई, तिकडे तर पाचशेचं एकच वजन आहे.”

“मग त्याचे सुटे कर.”

मुलीने पाचशेचे वजन काढून त्याच्या जागी दोनशेची दोन आणि शंभराचे एक वजन ठेवले. काटा हलला नाही. मग तिने दोन्ही पारड्यांतून शंभराचे एकेक वजन उचलले. एकीकडे दोन पुड्या राहिल्या आणि दुसरीकडे दोनशेची दोन वजने राहिली. पुढे काही विचारावे लागले नाही. तिने एक पुडी आणि एक वजन बाजूला काढले आणि ती वहीकडे वळली.

“मी शंभर काढायच्या ऐवजी मिळवले होते,” ती म्हणाली.

“तुझं तीनशे खरं असतं, तर काटा कुठं गेला असता?”

मुलीने तोंडी हिशेब केला. तीनशेच्या दोन पुड्या सहाशे, वर शंभर, म्हणजे सातशे. सातशेसमोर पाचशे. काटा पुड्यांच्या बाजूला झुकला असता. म्हणजे शाळेतून वही परत येण्याची वाट न पाहता ही चूक आदल्याच दिवशी घरी पकडता आली असती, हेही तिच्या लक्षात आले.

या प्रसंगात आईने उत्तर सांगितले नाही, आणि बीजगणिताचा एक शब्दही तिने उच्चारला नाही. भास्कराचार्यांनी ‘यावत्तावत्’ म्हटले ते तिने ‘जितकी असेल तितकी’ म्हटले. पाचशेचे सुटे करणे हा तिच्या रोजच्या व्यवहारातला विचार होता. मुलीची वही आणि दुकानाचे पारडे ही एकच गोष्ट आहेत, एवढे मात्र तिने तिला पाहू दिले. वहीतील मांडणी त्यानंतर अशी झाली :

२क्ष + १०० = ५००
दोन्ही बाजूंतून १०० वजा करून, २क्ष = ४००
दोन्ही बाजूंना २ ने भागून, क्ष = २००
ताळा : २ × २०० + १०० = ५००

पहिले काही आठवडे प्रत्येक ओळीआधी ‘दोन्ही बाजूंतून’, ‘दोन्ही बाजूंना’ हे शब्द मुलाने पूर्ण लिहावेत. त्यात वेळ जातो, परंतु तो वाया जात नाही.

पक्षांतराचा नियम केव्हा द्यावा

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम पुष्कळ मुलांना पहिल्याच दिवशी पाठ करावयास दिला जातो. नियम खोटा नाही. वरील दुसऱ्या ओळीचा तो केवळ संक्षेप आहे. परंतु ज्याने पारडे पाहिलेले नाही, त्याच्या हातात तो मंत्रासारखा पडतो. मग ३क्ष = १२ या समीकरणात मूल ३ पलीकडे नेते, ‘चिन्ह’ बदलते आणि क्ष = १२ − ३ = ९ असे लिहिते. तीन पुड्यांचे वजन बारा आहे असे मनाशी धरले असते, तर बारातून तीन वजा करण्याची कल्पना त्याला सुचलीच नसती. त्याने बाराचे तीन सारखे वाटे केले असते.

यास्तव हा नियम मुलाने स्वतः शोधावा अशी योजना करावी. दहा-पंधरा उदाहरणे ‘दोन्ही बाजूंतून’ असे लिहून सोडवल्यावर मूल आपण होऊन म्हणते, की मधली ओळ दर वेळी सारखीच येते, ती गाळली तर चालेल का? त्या वेळी नियम सांगावा. तो मग विसरला तरी त्याला पुन्हा उभा करता येतो.

तराजूची मर्यादाही शिक्षकांनी ओळखावी. क्ष − ३ = ५ हे समीकरण पारड्यात दाखवणे अवघड जाते. तेथे गोष्ट सांगावी. डब्यात काही लाडू होते, तीन खाल्ले, पाच उरले, तर आधी किती होते? खाल्लेले तीन परत ठेवले की डबा पूर्वीसारखा भरतो. नवव्या शतकात बगदाद येथे अल-ख्वारिज्मी याने समीकरणांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील ‘अल-जब्र’ या शब्दाचा अर्थ हाच आहे : जे उणे झाले ते भरून काढणे. इंग्रजीतील ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्यावरूनच आला. क्ष + ७ = ३ यासारख्या उदाहरणात उत्तर ऋण येते. तेथे पुडीही चालत नाही आणि डबाही चालत नाही. अशा वेळी उधारीचा हिशेब किंवा संख्यारेषा घ्यावी आणि तराजू बाजूला ठेवावा. प्रत्येक साधनाचे काम वेगळे असते.

ज्या घरी तराजू नाही, तेथे एक सरळ काठी मध्यावर दोरीने टांगून दोन्ही टोकांना सारख्या करवंट्या बांधाव्यात. वजनासाठी चिंचोके घेऊ नयेत, कारण ते कमी-जास्त भरतात. एकाच प्रकारची रुपयाची नाणी चांगली. पुडीच्या जागी काड्यापेटीत नाणी घालून ती बंद करावी. पेटीचेही वजन असते, म्हणून जितक्या पेट्या एका बाजूला, तितक्याच रिकाम्या पेट्या दुसऱ्या बाजूला ठेवाव्यात. ही दक्षता घेतली नाही, तर काटा चुकीचे सांगतो आणि मुलाचा विश्वास उडतो.

नेहमीच्या चुका व त्यांची कारणे

मुलाच्या चुकीला बहुधा काही तर्क असतो. तो ओळखला, तर रागावण्याचे कारण उरत नाही.

क्ष = ५ असताना ३क्ष ची किंमत ३५ लिहिणे ही चूक सर्वत्र आढळते. मुलाने आजवर अंकाशेजारी अंक पाहिला तो दशक-एककाच्या अर्थाने. त्याच सवयीने तो ३ च्या शेजारी ५ ठेवतो. त्याला सांगावे, की अक्षराशेजारी अंक लिहिला असता मध्ये गुणाकाराचे चिन्ह न लिहिता मानलेले असते. काही दिवस ३ × क्ष असेच लिहू द्यावे.

३क्ष + ४ म्हणजे ७क्ष, ही दुसरी चूक होय. उत्तरात अधिकाचे चिन्ह राहिले, तर उदाहरण अपुरे राहिले असे मुलाला वाटते, म्हणून तो ते मिटवून टाकतो. तीन पुड्या आणि चार सुटी वजने मिळून सात पुड्या होतील का, असे विचारावे. क्ष च्या जागी ५ घेऊन दोन्हींची किंमतही काढवून घ्यावी. पहिली १९ येते, दुसरी ३५. ही परीक्षा करताना क्ष च्या जागी १ घेऊ नये. त्या एका किमतीला दोन्हींचे उत्तर ७ येते आणि चूक झाकली जाते.

२(क्ष + ३) आणि २क्ष + ३ यांत भेद न करणे, ही तिसरी चूक. दोन पिशव्यांत प्रत्येकी एक पुडी आणि तीन लिमलेटच्या गोळ्या आहेत असे दाखवले, तर गोळ्या सहा होतात हे मूल स्वतःच मोजते.

पालकांनी विचारावयाचे चार प्रश्न

घरी कोणी फारसे शिकलेले नसले, तरी पुढील चार प्रश्न कोणालाही विचारता येतील. पालकसभेत ते वाचून दाखवावेत आणि मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहवून घ्यावेत.

१. उदाहरण तुझ्या शब्दांत सांग. त्यात काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही?
२. कशाच्या बरोबर काय आहे? दोन पारड्यांत काय काय ठेवशील?
३. इकडे जे केलेस, तेच तिकडे केलेस का?
४. उत्तर परत घालून पाहिलेस का? काटा मधोमध राहिला का?

यांतील चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. बेरजेचे किंवा भागाकाराचे उत्तर बरोबर की चूक, हे समजण्यासाठी मूल बहुधा गुरुजींच्या किंवा बाईंच्या तोंडाकडे पाहते. समीकरणाचे उत्तर मात्र त्याला स्वतःच परत घालून तपासता येते. ज्याने ताळ्याची सवय लावून घेतली, त्याला आपले उत्तर खरे आहे हे कोणी सांगावे लागत नाही. लाल शाईची भीती त्यामुळे कमी होते. घरची आजी निरक्षर असली, तरी ‘काटा मधोमध आला का?’ एवढे ती विचारू शकते, आणि मुलाला ताळा तिच्यासमोर मोठ्याने करावा लागतो.

पालकांनी काय टाळावे, हेही नम्रपणे सांगावे. मुलाच्या हातातील लेखणी घेऊन उदाहरण सोडवू नये. मोठ्या भावंडाशी तुलना करू नये. ‘मलाही गणित कधी आले नाही’ हे वाक्य मुलासमोर, विशेषतः मुलीसमोर, उच्चारू नये. ते धीर देण्यासाठी म्हटले जाते, परंतु मूल त्यातून माघारीची परवानगी घेते. आता अनेक घरांत मोबाइल फोन असून समीकरणाचे छायाचित्र काढले असता ते पायऱ्यांसह सोडवून देणारी साधनेही त्यात मिळतात. त्यांवर नुसती बंदी घालून भागणार नाही. फोनने उत्तर दिले, तरी ताळा मुलाने स्वतःच्या हाताने करावा आणि प्रत्येक पायरीला ‘हे दोन्ही बाजूंना का केले?’ याचे उत्तर तोंडी द्यावे, असा शिरस्ता ठेवावा.

शिक्षकांनी गृहपाठ कसा द्यावा

घरच्या साहाय्याची अपेक्षा ठेवावयाची, तर गृहपाठही तसा असावा. वीस सारखी समीकरणे देण्यापेक्षा पाच निवडक द्यावीत आणि पाचांचाही ताळा मागावा. पाचांपैकी एक शाब्दिक उदाहरण असावे आणि एक मुलाने स्वतः रचावयाचे असावे. ‘ज्याचे उत्तर ६ येईल असे समीकरण तयार कर आणि ते घरातील कोणाच्या तरी व्यवहारावर बसव’, अशी सूचना दिली, तर मूल दूध, मजुरी, एसटीचे भाडे, बियाणे यांतून उदाहरण आणते. एकाच गृहपाठाची तीस निरनिराळी उत्तरे येतात, आणि नक्कल आपोआप थांबते.

अक्षराचे सामर्थ्य दाखवण्यासाठी घरोघर चालणारा मनातल्या संख्येचा खेळ द्यावा. मनात एक संख्या धर, तिची दुप्पट कर, ६ मिळव, निम्मे कर, मूळ संख्या वजा कर. उत्तर नेहमी ३ येते. मुलाने हा खेळ आधी घरच्यांवर करून पाहावा. मग वहीत क्ष, २क्ष, २क्ष + ६, क्ष + ३, ३ अशा पाच पायऱ्या लिहाव्यात. दुसऱ्याच्या मनातील संख्या न कळताही उत्तर कसे कळते, हे कोडे अक्षराने उलगडते. ‘हे शिकून उपयोग काय?’ या प्रश्नाला त्या वयाच्या मुलास पटणारे उत्तर त्यात आहे.

वही तपासताना चुकलेल्या उत्तरावर नुसती फुली मारू नये. ज्या ओळीत पारडे प्रथम कलले, त्या ओळीशेजारी एक बारीक खूण करावी आणि ‘येथपर्यंत बरोबर’ असे लिहावे. वरील उदाहरणातील मुलीची पहिली ओळ निर्दोष होती, शब्दांतून समीकरण मांडण्याचे अधिक कठीण काम तिने नीट केले होते, परंतु एका फुलीने तेही चुकले असे तिला वाटले. तेवढे दोन शब्द वहीत असते, तर तिची ती संध्याकाळ वेगळी गेली असती.

वर्षाच्या पहिल्या पालकसभेत दहा मिनिटे यासाठी राखून ठेवावीत. टेबलावर तराजू, दोन पुड्या आणि चार-पाच वजने मांडावीत आणि एखाद्या दुकानदार किंवा भाजी विकणाऱ्या पालकालाच पुढे बोलवावे. पारडे सारखे कसे ठेवावे, हे त्याला शिकवावे लागत नाही. तो वजने उचलील तसतशी एका विद्यार्थ्याने फळ्यावर एकेक ओळ लिहावी. फळ्यावरचे समीकरण आणि बाजारातले पारडे एकच आहेत, हे त्या दहा मिनिटांत सर्वांना दिसते. त्यानंतर घरी वही उघडली गेली, की ती परत देण्याऐवजी ‘वाच बरं, काय विचारलंय ते’ असे म्हणणारी दोन-चार घरे तरी गावात वाढतील. वर्गातल्या अध्यापनाला लागणारी घरची जोड एवढीच आहे.